दाजीपूरच्या जंगलात किती प्लॉट टाकले म्हणजे पुरे?

सह्यवेल: राधानगरी अभयारण्यात झाडांची मोजणी म्हटलं की ठरलेलं उत्तर मिळतं: एक हेक्टर करा, 20×20 मीटरचे 25 प्लॉट. माझ्या मते आकडा आधी ठरवूच नये. प्लॉटगणिक नव्या जाती किती भेटतात त्याचा आलेख काढत जा, तो आडवा झाला की थांबा. एमएस्सीच्या पोरांना उगाच किती राबवायचं?

करवंदीची जाळी: तो आडवा होतो कुठे? पनामातल्या बारो कोलोरॅडो बेटावर 50 हेक्टरांत 1 सेंमी जाडीपासूनचं (म्हणजे खोडाच्या व्यासापासूनचं) प्रत्येक झाड मोजलंय. सुमारे 300 जाती, आणि त्यातल्या कित्येक अगदी मोजक्या झाडांच्या. आपल्याकडे आलेख आडवा दिसला तर मला आधी शंका येते. सगळे प्लॉट रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर टाकलेले असतात. अंजनी, जांभूळ, पिसा, परत अंजनी! ओढ्यात उतरा, सड्याच्या, म्हणजे खडकाळ पठाराच्या, कडेला जा, लगेच नव्या जाती भेटायला लागतील.

सह्यवेल: मग ओढाकाठ, उतार, सड्याची कड यांचे आलेख वेगवेगळे काढा. पद्धत तीच राहते.

टेपवाला: भावांनो, खोडाच्या घेराचं काय? 30 सेंमी घेराखालचं सोडलं की कारवी गेली, बहुतेक वेली गेल्या. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ जेंट्री 2×50 मीटरचे 10 पट्टे घ्यायचे, म्हणजे हेक्टरचा जेमतेम दहावा भाग, पण 2.5 सेंमी जाडीपासून वेलींसकट सगळं मोजायचे. लाकूड किती ते हवंय की जाती किती, हे ठरल्याशिवाय प्लॉटवर भांडून उपयोग नाही.

करवंदीची जाळी: पटलं. आणि थांबायचं कधी, ते दुर्मीळ जातींना विचारा. समजा 62 जाती मिळाल्या. 14 जातींचं एकेकच झाड, 7 जातींची दोन-दोन. न सापडलेल्या जातींचा अंदाज देणाऱ्या, संख्याशास्त्रज्ञ चाओंच्या सूत्रानं 14 चा वर्ग भागिले 7 ची दुप्पट, म्हणजे निदान 14 जाती अजून हुकल्यात. मग कसले थांबता?

सह्यवेल: एकेकच झाड मिळालेल्या त्या 14 मधल्या किती खऱ्या? फूल नाही, फळ नाही, नुसत्या पानांवरून नाव दिलेलं. चुकीच्या ओळखीनं एकेकट्या जाती वाढतात आणि तुमचं सूत्र फुगतं.

करवंदीची जाळी: तर नमुना शिवाजी विद्यापीठाच्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात, ताडून बघा, फुलोऱ्यात परत जा. तरीही शंका उरली तर संशयित नमुने धरून एक अंदाज, वगळून दुसरा, दोन्ही प्रबंधात छापा. सूत्र फुगतं म्हणून प्लॉट कमी करणं मला मान्य नाही.