देखभाल बिलातील ‘सण खर्च, रु. १,८००’ या ओळीबाबत

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

सौ. साठे (ए-३०२), सकाळी ९.१२
सर्व सभासदांना नमस्कार. आज आलेल्या देखभालीच्या बिलात शेवटून दुसऱ्या ओळीत ‘सण खर्च, रु. १,८००’ अशी नोंद दिसली. गेल्या वर्षी ही रक्कम १,२०० होती आणि कदमसाहेब वही घेऊन दारोदार फिरत, त्यामुळे ज्याला जमत नसे त्याला निदान ‘पुढच्या आठवड्यात देतो’ असे म्हणता येई. आता ती बिलातच घातल्यामुळे न भरल्यास थकबाकी ठरणार आणि तिच्यावर २१ टक्के व्याज लागणार. आमच्या घरी यंदा एकाच पगारावर दिवाळी आहे, हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून लपवत नाही. कामाच्या मावशींचा एक महिन्याचा बोनस, मुलांचे कपडे, तीन नणंदांची भाऊबीज आणि फराळाचे सामान एवढे वहीत मांडले, तेव्हाच महिन्याची शिल्लक संपली होती. हा निर्णय कोणी आणि कधी घेतला, हे कृपया कळवावे.

देशपांडे (बी-१०४), सकाळी ९.२०
सणाची वर्गणी ऐच्छिक असते. सप्टेंबरच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत असा कोणताही ठराव झालेला नाही, सबब ही रक्कम बिलात समाविष्ट करता येणार नाही.

कदम, खजिनदार (बी-५०१), सकाळी ९.४१
साठे वहिनी, आपली अडचण समजू शकतो. परंतु गेल्या वर्षी वही घेऊन ४८ दारांपुढे उभे राहण्याचे काम एकट्या मी केले, आणि त्यातील नऊ दारे तीनदा वाजवावी लागली, याचीही कोणी नोंद घ्यावी. खर्चाचा तपशील देतो. दिवाळी पहाट (गायक, वादक व ध्वनिव्यवस्था) ३५,०००, रोषणाई १८,०००, आकाशकंदील व रांगोळी ५,६००, प्रत्येक घरी सुकामेव्याचा डबा ३५० रुपयांप्रमाणे १६,८००, कर्मचाऱ्यांची दिवाळी ११,०००. एकूण ८६,४००, भागिले ४८. यात माझ्या खिशात काहीही जात नाही.

शिंदे (ए-२०१), सकाळी ९.४६
कदमसाहेब, त्या नऊ दारांपैकी एक माझे होते, हे मी जाहीरपणे मान्य करतो. तिसऱ्या वेळी मी खरोखरच अंघोळ करत होतो.

सौ. पाटणकर, सचिव (ए-५०३), सकाळी १०.०५
समितीचा हेतू चांगला होता. बिलातून वसुली केल्यास कोणाला वारंवार विचारण्याचा संकोच राहणार नाही, एवढाच विचार त्यामागे होता. कृपया चर्चा सौजन्याने करावी.

देशपांडे (बी-१०४), सकाळी १०.०८
वरील संदेश वर गेल्यामुळे पुन्हा देत आहे. सणाची वर्गणी ऐच्छिक असते. सर्वसाधारण सभेत असा कोणताही ठराव झालेला नाही.

सौ. साठे (ए-३०२), सकाळी १०.३०
तपशिलाबद्दल आभार, पण तो वाचून मला अधिकच प्रश्न पडला. १६,८०० रुपयांचा सुकामेवा आपणच आपल्या पैशाने आणून आपल्यालाच भेट देणार आहोत, म्हणजे ३५० रुपये माझ्याकडून घेऊन तेवढ्याच किमतीचा डबा माझ्याच दाराशी येणार. उलट चार वॉचमन आणि सफाईचे दोघे यांच्या वाट्याला गेल्या वर्षीप्रमाणेच प्रत्येकी १,५००, म्हणजे सहा जणांत मिळून ९,००० आहेत. उरलेले २,००० माळीदादा आणि लिफ्टवाल्यांचे असावेत. हा हिशेब कोणाला योग्य वाटतो?

तांबे (ए-४०२), सकाळी १०.४४
ताई, सुकामेवा यंदा स्वस्त झाला आहे. २२ सप्टेंबरपासून बदाम-पिस्त्यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. मोठ्या टीव्हीवरचा तर २८ वरून १८ झाला, म्हणून आम्ही ५५ इंची घेऊन टाकला, तोही नो कॉस्ट ईएमआयवर. थोडक्यात, खर्च करण्यासाठी याहून चांगली दिवाळी नाही.

बापट (बी-३०४), सकाळी ११.०२
तांबे, टीव्हीबद्दल अभिनंदन. पण ‘नो कॉस्ट’ हा शब्द जाहिरातीचा आहे, हिशेबाचा नव्हे. रोख घेणाऱ्याला जी सूट मिळाली असती तीच व्याजाच्या जागी वळवलेली असते, वर प्रोसेसिंग शुल्क आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी बँक निराळा लावते. शून्य टक्के व्याज असे काही अस्तित्वात नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले आहे. आणि एखाद्या महिन्यात कार्डाची किमान रक्कम भरून बाकीची पुढे ढकललीत, तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाला चाळीसच्या वर जाते. दिवाळीत घेतलेल्या वस्तूंचे हप्ते होळीपर्यंत फेडणारी माणसे दर वर्षी माझ्यासमोर कागद घेऊन बसतात.

तांबे (ए-४०२), सकाळी ११.०५
काका, टीव्ही कालच भिंतीवर लावला. हा संदेश परवा यायला हवा होता.

सौ. कुलकर्णी (बी-२०२), दुपारी १२.१५
मी सहसा येथे लिहीत नाही, पण डब्यांचा विषय निघाला म्हणून लिहिते. आम्ही राहायला आलो तेव्हा या इमारतीत फराळाची ताटे फिरत असत. ताट रिकामे परत करायचे नाही एवढाच रिवाज होता आणि त्यासाठी चिमूटभर साखर पुरे होती. मग कोणीतरी साखरेऐवजी दोन बदाम-पिस्त्यांची पाकिटे ठेवली, पुढच्या वर्षी त्यांच्या घरी आपण काही कमी कसे द्यायचे म्हणून तिसऱ्याने डबा दिला, आणि आता कोणी दारात डबा घेऊन उभे राहिले की पोटात गोळाच येतो, कारण मनात पहिला विचार ‘यांना परत काय द्यायचे’ हाच येतो. गेल्या वर्षी माझ्याकडे अकरा डबे आले. त्यांपैकी एकावर ‘साठे परिवारास सप्रेम’ अशी चिठ्ठी तशीच राहिली होती. नावे सांगत नाही.

शिंदे (ए-२०१), दुपारी १२.१९
काकू, ती चिठ्ठी पाहण्याची इच्छा आहे. हस्ताक्षर माझे असल्यास आताच क्षमा मागून ठेवतो.

सौ. साठे (ए-३०२), दुपारी १२.२४
तो डबा मी दिला, काकू. आलेला डबा पुढे देणे चुकीचे होते, हे मान्य करते. पण तुम्हाला काहीच न देणे त्या दिवशी मला अधिक चुकीचे वाटले.

सौ. कुलकर्णी (बी-२०२), दुपारी १२.३१
अगं, राग म्हणून नाही लिहिले. त्यातले अंजीर फार छान होते.

देशपांडे (बी-१०४), दुपारी १२.४०
डब्यांच्या चर्चेत मूळ मुद्दा हरवू नये म्हणून पुन्हा नमूद करतो, की सणाची वर्गणी ऐच्छिक असते.

बापट (बी-३०४), दुपारी २.१०
कर्मचाऱ्यांच्या ओळीबद्दल एक गोष्ट समितीने तपासावी. आपले चारही वॉचमन एजन्सीचे आहेत आणि एजन्सीच्या मासिक बिलात वेतनाखाली ‘बोनस ८.३३ टक्के’ अशी स्वतंत्र ओळ आहे. लेखापरीक्षणाच्या वेळी मी ती पाहिली होती. प्रत्येकी १४,००० मूळ वेतन धरले तर चौघांचे महिन्याला सुमारे ४,६६५ आणि वर्षाला जवळजवळ ५६,००० रुपये आपण बोनसपोटी आधीच भरतो. ८.३३ टक्के म्हणजे वर्षाचा बारावा भाग, सरळ एका महिन्याचा पगार. १९६५ च्या बोनस कायद्यात किमान दर हाच आहे आणि आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, तो द्यावा लागतो. ती रक्कम त्यांच्या हातात पोहोचते का, हे आजवर कोणी विचारले आहे का?

कदम, खजिनदार (बी-५०१), दुपारी २.३५
एजन्सीची बिले समिती तपासून मंजूर करते. मी काही पोलीस नाही.

बापट (बी-३०४), दुपारी २.३८
पोलीस नकोतच, एका पत्राने काम होईल. मजकूर मी लिहून देतो, शिक्का आपण मारावा.

सौ. पाटणकर, सचिव (ए-५०३), दुपारी २.५०
पत्र उद्या जाईल. कृपया वैयक्तिक रोख टाळावा.

तांबे (ए-४०२), दुपारी ३.२०
रोषणाईचे १८,००० भाड्याचे आहेत का? दोन वर्षांपूर्वी आपण ११,००० रुपयांच्या माळा विकत घेतल्या होत्या, हे मला पक्के आठवते, कारण त्या शिडीवर चढून मीच लावल्या होत्या.

सौ. साठे (ए-३०२), दुपारी ३.२६
मलाही आठवते. गेल्या मे महिन्यात त्या बी विंगमधील एका लग्नात दिसल्या होत्या.

शिंदे (ए-२०१), दुपारी ३.२७
लग्न अतिशय देखणे झाले. जिलबी अजून जिभेवर आहे.

कदम, खजिनदार (बी-५०१), दुपारी ३.५२
माझ्या मुलाच्या लग्नासाठी समितीची परवानगी घेऊन त्या माळा दोन दिवस वापरल्या आणि परत ठेवल्या. ज्यांनी चार वेळा वाढून घेतले, त्यांनी आता हा प्रश्न उपस्थित करावा, याचे वाईट वाटते.

देशपांडे (बी-१०४), दुपारी ४.००
माळांचा प्रश्न गौण आहे. सणाची वर्गणी ऐच्छिक असते.

सौ. कुलकर्णी (बी-२०२), संध्याकाळी ६.४५
आता चक्कीवरून चकलीची भाजणी दळून आणताना रात्रपाळीच्या वॉचमनदादांना सरळच विचारले, की दिवाळीला तुम्हाला काय दिले तर बरे पडेल. ते आधी ‘काही नको’ म्हणाले, मग भाजणीचा डबा हातातून घेऊन लिफ्टपर्यंत आले आणि बोलले. त्यांचे गाव धाराशिव जिल्ह्यात. सप्टेंबरच्या पुरात काढणीला आलेले सोयाबीन पाण्याखाली गेले. आपण भाऊबीज झाल्यावर समारंभ करून पाकीट, मिठाईचा डबा आणि शर्टपीस देतो. त्या शर्टपीसची शिलाई चारशे रुपये पडते, म्हणून तीन वर्षांचे तीन कापड तसेच ट्रंकेत आहेत. त्यांना जे द्यायचे ते रोख आणि वसुबारसेच्या आधी हवे, म्हणजे गावी जाणाऱ्या माणसाबरोबर घरी पाठवता येईल. एजन्सीकडून बोनस म्हणून गेल्या वर्षी दोन हजार मिळाले, असेही ते म्हणाले. पण त्यांचे नाव पुढे येऊ देऊ नका.

बापट (बी-३०४), संध्याकाळी ६.५८
पत्रात कोणाचेही नाव येणार नाही. चौघांचेही बोनस दिल्याचे बँकेचे तपशील मागू आणि ते येईपर्यंत पुढचे बिल रोखू.

सौ. साठे (ए-३०२), संध्याकाळी ७.३०
स्वयंपाक करता करता आकडे मांडले, चुकत असल्यास सांगावे. सुकामेव्याचे डबे आणि दिवाळी पहाट वगळली, सहा जणांना प्रत्येकी ३,००० रोख दिले, माळीदादा व लिफ्टवाल्यांचे २,००० आणि कंदील-रांगोळीचे ५,६०० तसेच ठेवले, तर २५,६०० होतात, म्हणजे घरटी सुमारे ५३५ रुपये. माळा सापडल्या तर रोषणाईला वेगळे पैसे लागणार नाहीत. ज्यांना पहाट हवी आहे त्यांनी तेवढ्यापुरती वर्गणी काढावी. गाणे ऐकायला मीही येईन आणि थाळीत माझ्या ऐपतीप्रमाणे टाकेन.

सौ. पाटणकर, सचिव (ए-५०३), रात्री ८.१०
पहाट रद्द झाल्यास अनेक ज्येष्ठांना वाईट वाटेल. गायकांना पाच हजार आगाऊ दिले आहेत, हेही लक्षात घ्यावे.

तांबे (ए-४०२), रात्री ८.१४
आगाऊ रक्कम दिल्यानंतर सभासदांना विचारण्याची ही पद्धत मात्र जुनी आहे.

सौ. पाटणकर, सचिव (ए-५०३), रात्री ८.२२
सूचनेबद्दल आभार. पुढील निवडणुकीत आपण अवश्य उभे राहावे. शनिवारी, ११ तारखेला रात्री साडेआठ वाजता पार्किंगमध्ये सभा घेऊ. तोपर्यंत बिलातील ती ओळ स्थगित समजावी. कर्मचाऱ्यांची पाकिटे मात्र १६ तारखेला, गुरुवारी दिली जातील, याबद्दल दुमत नसावे.

देशपांडे (बी-१०४), रात्री ८.२५
स्थगित नव्हे, रद्द. सणाची वर्गणी ऐच्छिक असते. तथापि कर्मचाऱ्यांसाठी माझ्यातर्फे २,००० लिहून घ्यावेत.

कदम, खजिनदार (बी-५०१), रात्री ९.४०
गच्चीवरील लिफ्टच्या खोलीत माळांचे खोके मिळाले. मुलाला घेऊन एकेक लावून पाहिली. चौदापैकी नऊ पेटतात, दोन उंदरांनी कुरतडल्या आहेत आणि तिघींचे फ्यूज गेले असावेत. तांबे, उद्या संध्याकाळी शिडी धरायला या.

सौ. कुलकर्णी (बी-२०२), रात्री ९.५२
त्या खोलीत माझा स्टीलचा उभा डबा दिसला का? झाकणावर खिळ्याने ‘कु’ कोरलेला आहे. गेल्या दिवाळीत चिवडा भरून कोणाकडे गेला तो आलाच नाही, आणि चकल्या परवा तळायच्या आहेत.

शिंदे (ए-२०१), रात्री ९.५५
काकू, तो आमच्याकडे आहे. सध्या त्यात माझे स्क्रू आणि पक्कड आहे. घासून उद्या सकाळी घेऊन येतो. सोबत काय आणू?

सौ. कुलकर्णी (बी-२०२), रात्री ९.५७
चिमूटभर साखर.