जॅक जॉन्सन पहिल्या तिघांत बसतो का?

रिंगसाइड (धागाकर्ता)
कृष्णवर्णीय अमेरिकन मुष्टियोद्धा जॉन्सन हेवीवेट (सर्वांत जड वजनगट) जगज्जेता होता २६ डिसेंबर १९०८ ते ५ एप्रिल १९१५. एवढ्या काळात त्याच्यासारख्याच कृष्णवर्णीय सॅम लँगफर्डला त्याने एकदाही किताबाची लढत दिली नाही. जो जीनेटलाही नाही, सॅम मॅकव्हेलाही नाही. किताबासाठी त्याच्यासमोर उतरलेला एकमेव कृष्णवर्णीय म्हणजे बॅटलिंग जिम जॉन्सन : पॅरिस, डिसेंबर १९१३, दहा फेऱ्या, बरोबरी. आधीचा गोरा जगज्जेता जेफ्रीज याने वर्णभेदापायी जॅक जॉन्सनला स्वतःला वर्षानुवर्षे दाराबाहेर ठेवले होते. मग त्याने तेच दार इतरांसाठी का लावून घेतले? सर्वकालीन यादीत पहिल्या तिघांत मी त्याला ठेवणार नाही.

जुना गार्ड
असहमत. लँगफर्डला त्याने १९०६ मध्ये अमेरिकेतल्या चेल्सीत पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरवले होतेच. दुसरे, पैसा. १९१० मध्ये अमेरिकेतल्या रेनोत जेफ्रीजविरुद्धच्या लढतीसाठी आयोजक टेक्स रिकार्डने १,०१,००० डॉलर लावले, कारण गोऱ्या प्रेक्षकांना जॉन्सन हरताना बघायचा होता. दोन कृष्णवर्णीयांच्या लढतीवर तेव्हा कोणी तेवढी रक्कम लावली नसती. आणि १९१३ मध्ये मान कायद्याखाली (अनैतिक हेतूने स्त्रीला एका राज्यातून दुसऱ्यात नेण्याविरुद्धचा अमेरिकी कायदा) शिक्षा झाल्यावर तो देशाबाहेर पळालेला होता, अमेरिकेत लढणार कुठे?

रिंगसाइड
१९०६चा दाखला इथे टिकत नाही. तेव्हा लँगफर्ड मिडलवेटच्या (हेवीवेटहून बराच हलका गट) आसपास होता, जॉन्सनपेक्षा सुमारे ३० पौंडांनी हलका. खरा हेवीवेट तो पुढे झाला. पळून जाण्याचे कारण १९१३ नंतरचे, त्याआधीच्या चार वर्षांचे काय? त्या काळात केचेल आणि फ्लिन या गोऱ्यांशी लढायला वेळ होता. केचेल तर मिडलवेट विजेता!

डावा जॅब
यादी लावायची तर कसबावर लावा. जुनी फिल्म थांबवून थांबवून बघा. उजवा तळवा छातीजवळ उघडा, प्रतिस्पर्ध्याचा जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) अडवायचा नाही, हलकेच बाजूला ढकलायचा. तो आत आला की अर्धे पाऊल मागे, मग क्लिंच (प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवणे), आणि डावा हात त्याच्या दंडाच्या आतल्या बाजूवर. दंड दाबला की हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) निघतच नाही. मोकळा राहतो तो जॉन्सनचा उजवा हात, आणि तिथून अपरकट (खालून वर हनुवटीकडे ठोसा). जेफ्रीज १९०५ मध्ये निवृत्त झाला होता आणि खूप वजन उतरवून परतला होता, हे खरे. तरी पंधरा फेऱ्या तो याच सापळ्यात अडकला होता.

जुना गार्ड
अगदी बरोबर. एक भर घालतो : ही पद्धत बिघडते कुठे, तर १९१५ मध्ये हवानात, जिथे विलार्डने त्याचा किताब घेतला, तिथे दिसते. विलार्ड साडेसहा फुटांचा, हात लांब. लांबूनच ठोसा पडू लागला, की दंड धरायला जवळ जाणेच महाग पडते. त्यात ४५ फेऱ्यांची लढत, भर ऊन, जॉन्सन ३७ वर्षांचा. पाय थकले की ते अर्धे पाऊल आधी जाते. सव्विसाव्या फेरीत तो पडला. आपण मुद्दाम हरलो, असे तो नंतर सांगे. मला ते पटत नाही. हरायचेच असेल तर कोणी पंचवीस फेऱ्या उन्हात राबत नाही.

रिंगसाइड
कसब मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच लँगफर्ड हवा होता. बुटका, पण हात लांब, आणि ठोसे आखूड. छातीला छाती भिडवूनही तो बरगड्यांवर मारू शके. दंड दाबून तो हात थांबला असता की नाही, हे बघायला १९१० सालची एक लढत पुरली असती.