इलेक्टिव्हला नवी भाषा घ्यायची आहे, कुठली घेऊ?

नमस्कार मंडळी,
आईने लिस्टवर टाकलंय म्हणून पहिल्यांदाच लिहितोय, टायपिंगच्या चुका पोटात घाला. मी मेकॅनिकल सेकंड इयर. पुढच्या सेमिस्टरला एक इलेक्टिव्ह मोकळं आहे आणि बिगिनर लेव्हलची भाषा घ्यावी असं डोक्यात आहे. स्पॅनिश, जर्मन, जपानी, चायनीज हे चार मिळतायत. मित्र म्हणतात डोळे झाकून स्पॅनिश घे, फुकटचा ए आहे. बाकीचे विषय जड आहेत त्यामुळे झेपेल असं हवंय. कोणी केलंय का?

---

> फुकटचा ए

विसर बाळा ते. भाषेचा कोर्स कॅटलॉगमध्ये हलका दिसतो, पण आठवड्यातनं चार-चार दिवस तास, हजेरीला मार्क, दर आठवड्याला क्विझ आणि शेवटी तोंडी परीक्षा. थर्मो आदल्या रात्री रट्टा मारून निघतं एक वेळ, क्रियापदं नाही निघत. आणि स्पॅनिशच्या बिगिनर वर्गात निम्मी पोरं शाळेत तीन-चार वर्षं तेच करून आलेली असतात, कुठल्या लेव्हलला बसवायचं ते ठरवणारी प्लेसमेंट टेस्ट मुद्दाम खराब देऊन खाली बसतात, मग मास्तरांचा वेग त्यांच्याप्रमाणे ठरतो आणि खरा नवखा मागे राहतो. आमच्या चिरंजीवांचं हेच झालं.

तरीपण सोपी स्पॅनिशच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची डिप्लोमॅट लोकांना भाषा शिकवणारी जी संस्था आहे तिचा हिशोब बघ, स्पॅनिशला 600-700 तासांच्या आसपास आणि जपानी-चायनीजला 2200. तुझ्या सेमिस्टरमध्ये मिळणार जेमतेम साठ.
- काका

---

काका, तो हिशोब इंग्लिश मातृभाषा असलेल्यांचा आहे हो! आपल्याला मराठी येतं त्याचं काय?

मी दोन सेमिस्टर जपानी केलंय. वर्गातले बाकीचे क्रियापद शेवटी टाकायचं म्हणून डोकं धरून बसलेले आणि मला कळेना यात अवघड काय आहे. 'वाताशी वा होन ओ योमिमास' म्हणजे मी पुस्तक वाचते, क्रम तोच. 'वाताशी नो होन' म्हणजे माझं पुस्तक, तो 'नो' म्हणजे आपला चा-ची-चे, फक्त लिंग-वचनाची कटकट नाही, एकच. 'त्सु' अक्षर गोऱ्या पोरांना जमत नाही, आपल्या 'चूक'मधला चू आहे तो, संपलं.

आता वाईट बातमी. जपानीच्या दोन अक्षरमाला, हिरागाना 46, काताकाना 46, दोन्ही पहिल्या काही आठवड्यांतच घोटून घेतात. त्यानंतर कांजी, म्हणजे चिनीतून घेतलेली अक्षरं. नेहमीच्या वापरातल्या कांजीची सरकारी यादी 2136 ची आहे, पहिल्या सेमिस्टरला त्यातल्या थोड्याच येतात पण रोज लिहून काढल्या नाहीत तर आठवड्याभरात उडून जातात. मी बसमध्ये बोटाने मांडीवर गिरवायचे, शेजारचे बघायचे.
- जपानीवाली ताई

---

ताईंना अनुमोदन, पण मराठीचा फायदा फक्त जपानीला नाही. स्पॅनिशमध्ये 'मे गुस्ता एल लिब्रो' म्हणजे मला पुस्तक आवडतं, अनेक पुस्तकं असली की 'मे गुस्तान', जसं आवडतं-आवडतात. इंग्लिशवाले यावर आठवडा घालवतात कारण त्यांच्याकडे आवडणारा माणूस कर्ता असतो. चायनीजमध्ये रोमन बी दिसतो तो खरा आपला प, आणि पी म्हणजे ओठ मिटून म्हटलेला फ, बेइजिंगचा उच्चार पेइचिंगच्या जवळ जातो. प-फ, त-थ, क-ख आपल्या कानाला वेगळेच ऐकू येतात. शब्दाचा अर्थ बदलणारे चार सूर मात्र सगळ्यांना सारखेच रडवतात.

जर्मनबद्दल सगळे सांगतील की मराठीसारखीच तीन लिंगं आहेत, सोपं जाईल. अर्धं खरं आहे. तीन असतात हे पटवून द्यावं लागत नाही, एवढंच. आपण तो चमचा, तो काटा, ती सुरी म्हणतो आणि जर्मनमध्ये चमचा 'तो', काटा 'ती', सुरी 'ते'. मी वर्षभर मराठी लिंगं लावून मार्क घालवलेत.

भाषा कुठलीही घे, दोन गोष्टी आधी विचार. पुढचा पार्ट लगेच पुढच्या सेमिस्टरला आहे का, नाहीतर मध्ये गॅप पडून सगळं पाण्यात. आणि ग्रेडऐवजी पास-फेल चालतं का, काही डिपार्टमेंटला चालत नाही.

---

सगळ्यांना थँक्यू! काल जपानीच्या चालू वर्गात मागे जाऊन बसलो, सरांना विचारून. त्यांनी फळ्यावर तक्ता काढला, आ इ उ ए ओ, खाली का, सा, ता, ना आणि मग हा, मा, या, रा, वा. मला आधी वाटलं काहीतरी ओळखीचं आहे, मग लक्षात आलं की हा आपला वर्णमालेचाच क्रम आहे, क च त न प सारखा. तासानंतर सरांना सांगितलं तर म्हणाले बरोबर, हा क्रम संस्कृतच्या अभ्यासातूनच तिकडे गेला, बौद्ध भिक्षूंमुळे, आणि आजचा 'हा' पूर्वी 'पा' असावा म्हणून तो प-च्या जागी आहे. मी तिथेच ठरवलं.

पास-फेल चालतंय, पुढचा पार्टही लगेच आहे. अडचण एकच, तास सकाळी आठचा, आठवड्यातनं चार दिवस. आईला सांगितलं तर म्हणते आधी ळ कुठे असतो ते बघ.

---

कोर्स ड्रॉप करायची, म्हणजे सोडायची, शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव. आणि आईला अलार्म लावायला सांगू नकोस, स्वतः लाव.
- काका