मदत हवी आहे: गाडीची बॅटरी काढून ठेवायचीय

मंडळी, महिनाभर बाहेरगावी चाललोय, गाडी इथं जुळे सोलापुरात उन्हातच उभी राहणार, म्हणून बॅटरीची वायर काढून ठेवावी म्हणतोय. काढताना आधी मायनस मग प्लस आणि लावताना उलटं एवढं माहितीय, कारण मायनस बॉडीला जोडलेला असतोय, तो न काढता प्लस खोलताना पाना बॉडीला टेकला की झालाच शॉर्ट. पण नुसती मायनसची वायर काढून कापडात गुंडाळून ठेवली तर चालतंय का, का दोन्ही काढू? टर्मिनलवर पांढरी पावडर पण लई जमलीय, खायचा सोडा घातलेल्या पाण्यानं पुसली तर चालेल ना? आणि परत जोडल्यावर म्युझिक सिस्टीम कोड मागते, काचांचं ऑटो (एकदा बटण दाबलं की काच आपोआप पूर्ण वर-खाली होते ते) पण जातंय म्हणे, ते परत सेट कसं करायचं? ज्यांनी घरीच केलंय त्यांनी सांगा राव, ‘मेकॅनिककडे ने’ हे मलापण माहितीय.