घरावर कललेला माड
माड घरावर कललाय, खोडातून द्रवही येतो, तोडू का, असं विचारलंत. नुसता कललाय म्हणून माड तोडू नका. खोड वाकून शेंडा सरळ वर गेला असेल तर बाक जुना आहे. पण कलाच्या उलट बाजूला बुंध्याची माती उचलून भेग पडली असेल, तर पावसाआधी माड तोडाच.

खोडाच्या भोकांतून तांबूस चिकट द्रव येतो म्हणालात, ती बहुधा खोड आतून पोखरणारी सोंड्या भुंग्याची अळी. नारळ पाडणाऱ्याला मधला न उमललेला कोंब ओढून बघायला सांगा. घट्ट असेल तर औषधाने माड वाचू शकतो. कोंब हातात आला, कुजकट वास आला की संपलं. माडाला वाढीचा डोळा एकच. मग तोडून खोड चिरा, जाळा. परसात कुजत टाकलंत तर भुंगे शेजाऱ्याच्या माडांवर जातील (आणि भांडण तुमच्याकडे).

महाराष्ट्रात आंबा-फणस असता तर तोडायला आधी सरकारी परवानगी काढावी लागली असती; शहरात असाल तर माडासाठीही आधी विचारून घ्या.