अ‍ॅनालिस्ट म्हणजे आकडे जुळवणारा कारकून?

तळटीप

'इन्व्हेस्टमेंट अ‍ॅनालिस्ट म्हणजे साहेबाने सांगितलेली टार्गेट प्राइस (शेअर कुठवर जाईल तो भाव) आधी लिहायची आणि मग एक्सेलमध्ये आकडे जुळवत तिथपर्यंत पोचायचं, याचा पगार घेणारा माणूस,' असं काल या फोरमवर रोकडा यांनी एका प्रतिसादात लिहिलं. त्यावर धडाधड +१ पडले. दोन ओळींत उत्तर देण्यासारखं ते नाही, म्हणून वेगळा धागा.

मी बाय-साइडला, म्हणजे पैसे गुंतवणाऱ्या फंडात आहे. माझ्या सांगण्यावर आमच्याच फंडाचे पैसे लागतात किंवा लागत नाहीत. दिवसाचा बराच भाग वाचण्यात जातो, एक्सेल नंतर येतं. वार्षिक अहवाल मी शेवटाकडून वाचते: आधी तळटीपा, मग रोख प्रवाहाचं पत्रक, अध्यक्षांचं मनोगत वेळ उरला तर. एका कंपनीची विक्री आणि नफा दोन्ही जोरात वाढत होते. पण येणी, म्हणजे उधारीचे यायचे पैसे, विक्रीपेक्षा वेगाने फुगली होती आणि धंद्यातून येणारी रोकड उणे होती. कारण एका तळटीपेत मिळालं, वितरकांना उधारीची मुदत वाढवून दिली होती. म्हणजे माल गिऱ्हाइकापर्यंत न जाता वितरकांच्या गोदामात साचत असणार. मी 'घेऊ नका' लिहिलं. त्यानंतर कितीतरी महिने तो शेअर चढत राहिला आणि दर बैठकीत मला जाब विचारला गेला. आकडे जुळवून मोकळं होणं त्यापेक्षा खूप सोपं होतं.

रोकडा

तुमच्याबद्दल मी बोललोच नव्हतो. तुमचे रिपोर्ट बाहेर येत नाहीत, सामान्य माणसाच्या हाती पडतात ते सेल-साइडचे, म्हणजे दलाल कंपन्यांचे. एन्रॉनने २ डिसेंबर २००१ ला दिवाळखोरी जाहीर केली. त्याच्या महिनाभर आधीपर्यंत तिच्यावर लिहिणाऱ्या १५ पैकी १० अ‍ॅनालिस्टांचं रेटिंग 'बाय' किंवा 'स्ट्राँग बाय' होतं. मेरिल लिंचचा अ‍ॅनालिस्ट हेन्री ब्लॉजेट ईमेलमध्ये ज्या शेअरना शिव्या घालत होता, तेच लोकांना घ्यायला सांगत होता. २००३ मध्ये वॉल स्ट्रीटच्या १० बड्या कंपन्यांनी सुमारे १.४ अब्ज डॉलर भरून असल्या पक्षपाती रिपोर्टांचं प्रकरण मिटवलं. ब्लॉजेट आणि टेलिकॉम शेअरवर लिहिणारा जॅक ग्रबमन या दोघांवर शेअरच्या धंद्यात आजन्म बंदी आली.

आमच्या मामांनी निवृत्तीचे पैसे असाच एक रिपोर्ट वाचून लावले होते. शेअर निम्म्यावर आला तेव्हा रेटिंग 'बाय'चं 'होल्ड' झालं. 'विका' असं शेवटपर्यंत कुणी लिहिलं नाही. त्या अ‍ॅनालिस्टला पुढच्या वर्षी बढती मिळाली असेल, मामा मात्र परत कामाला लागले.

सरळवाट

मी सेल-साइडला आहे, त्यामुळे हे मलाच लागू. मामांचं ऐकून वाईट वाटलं, मनापासून. पण 'विका' लिहिल्यावर काय होतं ते कुणी विचारत नाही. मी एकदा लिहिलं. निकालानंतरच्या कॉन्फरन्स कॉलवर माझा नंबर कधी लागलाच नाही, प्रश्न रांगेत तसेच राहिले. कंपनीच्या अर्थप्रमुखांनी फोन उचलणं बंद केलं. सगळ्यात जास्त शिव्या मात्र तो शेअर बाळगून असलेल्या आमच्याच ग्राहकांनी दिल्या. लोकांना निःपक्षपाती सल्ला हवा असतो, पण आपल्याकडे नसलेल्या शेअरबद्दल.

रिसर्चचे पैसेही कुणाला मोजायचे नाहीत. जानेवारी २०१८ पासून युरोपात मिफिड-२ ही गुंतवणूक बाजाराची नियमावली लागू झाली आणि रिसर्चचं बिल दलालीपासून वेगळं करावं लागलं. लगेच फंडांनी बजेटं कापली. छोट्या कंपन्यांवर लिहिणार कोण, ही ओरड तेव्हापासून चालू आहे. फुकट वाचायचं आणि वर लिहिणाऱ्याला विकाऊ ठरवायचं, हे मला मान्य नाही.

माजी ऑडिटर

तळटीपा वाचतात म्हणे! अमेरिकेतल्या वर्ल्डकॉम या टेलिफोन कंपनीने चालू खर्च मालमत्तेत दाखवून नफा फुगवला, २००२ मध्ये ३.८ अब्ज डॉलरचा घोळ बाहेर आला. तो काढला कंपनीच्या अंतर्गत ऑडिटरांनी. अ‍ॅनालिस्ट तोवर बघत राहिले होते. घोटाळा झाला की शिव्या आम्हाला, आणि तेजीत मुलाखती तुमच्या.

तळटीप

अंतर्गत ऑडिटरांचं श्रेय त्यांचं, नक्कीच. पण मग जर्मनीची पेमेंट कंपनी वायरकार्डही घ्या. जून २०२० मध्ये १.९ अब्ज युरो खात्यात नाहीतच असं निघालं, आणि बाहेरच्या ऑडिटरांनी आधी वर्षानुवर्षं हिशेबांवर सही केली होती. हिशेबात गडबड आहे असं आधीपासून ओरडत होते ते शॉर्ट-सेलर आणि फायनान्शियल टाइम्सचे पत्रकार. जर्मन नियामकाने फेब्रुवारी २०१९ मध्ये त्या शेअरच्या शॉर्ट-सेलिंगवरच बंदी घातली. हे शॉर्ट-सेलर करतात ते अ‍ॅनालिस्टचंच काम. ताळेबंद तोच, फक्त त्यांचा फायदा शेअर पडण्यात असतो. दोष कामाचा नाही, पैसे कुणाकडून येतात त्याचा आहे.

दशांश

मूळ मुद्दा राहिला बाजूला. आकडे जुळवता येतात की नाही? येतात, आणि अगदी सहज. डीसीएफमध्ये, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढायच्या मॉडेलात, डिस्काउंट रेट (पुढचे पैसे आजच्या किमतीत आणायचा दर) १० टक्के आणि कायमची वाढ ४ टक्के धरली, तर टर्मिनल व्हॅल्यू (अंदाजाच्या वर्षांनंतरच्या सगळ्या रोकडीची किंमत) पुढच्या वर्षीच्या रोकडीच्या साधारण १६.७ पट येते. वाढ ५ टक्के करा, सरळ २० पट. एका खान्यात एक टक्का बदलला की टर्मिनल व्हॅल्यू २० टक्क्यांनी वर. बहुतेक मॉडेलांत निम्म्याहून जास्त किंमत तिथेच असते. हे शास्त्र नव्हे.

सरळवाट

म्हणून आम्ही सेन्सिटिव्हिटीचा तक्ता देतो, गृहीतकं बदलली तर किंमत किती हलते ते दाखवणारा. वाचला आहे कधी?

दशांश

मी ते तक्ते बनवले आहेत साहेब, रात्र रात्र बसून. मधला चौकोन आधी ठरायचा, बाकीचे त्याच्याभोवती. वरिष्ठ मागे उभे राहून म्हणायचे, 'अजून थोडं वर घे.' म्हणून तर सोडलं.

सरळवाट

तुमचे वरिष्ठ भ्रष्ट होते म्हणून अख्खं डीसीएफ खोटं? हातोडीने कुणी डोकं फोडलं तर दोष हातोडीचा नसतो.

माजी ऑडिटर

हातोडी तरी वजनाला खरी असते.

तळटीप

दोघेही जरा थांबा. दशांश यांचं गणित बरोबर आहे, ते मला नाकारता येत नाही. पण मी मॉडेल उलटं चालवते. बाजारातला भाव धरायचा आणि तो खरा ठरायला कंपनीला किती वर्षं, किती वेगाने वाढावं लागेल ते काढायचं. २० वर्षं सलग १८ टक्के असं उत्तर आलं, की त्या धंद्यात तेवढं कुणी कधी वाढलं आहे का ते शोधायचं. तिथे साहेबाला 'थोडं वर घे' म्हणायला खानाच उरत नाही, भाव बाजाराने दिलेला असतो.

रोकडा

हे पटलं, नाइलाजाने. तुम्ही असं काम करत असाल तर 'कारकून' हा शब्द तुमच्यापुरता मागे. पण हे उलटं गणित एकाही छापील रिपोर्टात मी पाहिलेलं नाही. तिथे पहिल्या पानावर टार्गेट प्राइस असते आणि कंपनीकडून मिळणाऱ्या इतर कामाचा खुलासा शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. सरळवाट, तो खुलासा टार्गेटच्या शेजारी, तेवढ्याच अक्षरांत छापायला तुम्ही तयार आहात का?

सरळवाट

मी तयार आहे. माझ्या हातात असतं तर उद्यापासून छापलं असतं. पण ते पान कम्प्लायन्स आणि मार्केटिंग ठरवतं, आणि तिथे माझ्या शब्दाला किंमत नाही. माझ्यावर राग काढताना एवढं ध्यानात असू द्या.