उंच कुंपणातली हरणं, टायमरवरचा मका आणि शिकारीतला 'फेअर चेस'

रानभुल्या (सॅन अँटोनियो)
मी टेक्सासमध्ये राहतो, हरणाची शिकार करतो आणि मांस घरी खातो. हे आधीच सांगून टाकतो. विषय आहे इथल्या हाय फेन्स रँचचा. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आठ फूट उंच जाळी, आत पैदास केंद्रातून आणून सोडलेले नर, शिंगं मोठी व्हावीत म्हणून वर्षभर प्रोटीनचा खुराक, ठरलेल्या वेळी मका उधळणारं टायमरचं यंत्र, आणि त्या यंत्रासमोर गिऱ्हाईकाला लपून बसायला खुर्चीसकट खोकं. शिंगं इंचात मोजतात, इंचावर भाव. आधी पैसे भरायचे, मग शुक्रवारी यायचं आणि रविवारी डोकं घेऊन घरी जायचं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे, हे कायद्याने बंद व्हायला हवं. पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्टने १८८७ मध्ये बून अँड क्रॉकेट हा शिकाऱ्यांचा क्लब काढला तेव्हा न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांत लोक कुत्री सोडून हरणं तळ्यात हाकायचे आणि पोहत असलेल्या हरणाला होडीतून मारायचे, खोल बर्फात रुतलेल्या हरणाला जाऊन ठोकायचे. त्याच्या विरोधात 'फेअर चेस'ची कल्पना उभी राहिली. म्हणजे प्राणी रानात मोकळा हवा आणि त्याला निसटायची खरी संधी हवी. तुम्ही रिकाम्या हाताने परत येण्याची शक्यता शेवटच्या क्षणापर्यंत शिल्लक असली पाहिजे. आजही निसटता येणार नाही अशा कुंपणातला प्राणी त्या क्लबच्या रेकॉर्ड बुकात घेत नाहीत. माँटानाच्या मतदारांनी तर २००० साली मतदान करून पैसे घेऊन कुंपणात शिकार करू देणं बंदच पाडलं. टेक्सासला काय अडचण आहे?

मीनाक्षी_पुणे
अडचण मला तुमच्या नियमातच दिसते. हरणाला कुठे माहीत असतं की समोरचा माणूस नियम पाळून मारतोय? त्याच्या दृष्टीने कुंपणात मेलं काय नि डोंगरात मेलं काय. रूझवेल्टचं उदाहरण तुम्ही दिलंत तर ते पूर्ण सांगा. १९०२ मध्ये मिसिसिपीत होल्ट कॉलियर नावाच्या वाटाड्याने अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं, अध्यक्षांनी गोळी घालायला नकार दिला, पेपरात व्यंगचित्र आलं, टेडी बेअर निघालं, सगळ्या जगाला ही गोड गोष्ट माहितीये. पण त्या जखमी अस्वलाचं पुढे काय झालं? रूझवेल्टच्याच सांगण्यावरून त्याला सुऱ्याने मारलं. अध्यक्षांचे हात स्वच्छ राहिले, अस्वल मेलंच ना! मला फेअर चेस असाच वाटतो, शिकाऱ्याला रात्री शांत झोप लागावी म्हणून केलेली सोय.

रानभुल्या
मीनाक्षीताई, अस्वलाची गोष्ट खरी आहे, पण मी ती उलटी वाचतो. ते अस्वल वाचणारच नव्हतं, जखमी जनावराला तसंच तडफडत ठेवणं जास्त वाईट झालं असतं. रूझवेल्टने नाकारलं ते बांधलेला प्राणी मारून 'मी शिकार केली' म्हणणं.

आणि नियम शिकाऱ्यासाठीच आहे, त्यात लपवायचं काय? बंदूक ज्याच्या हातात त्यालाच लगाम लागतो. अमेरिकेत १९०० च्या सुमारास पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्या आसपास उरली होती असं धरतात, आज तीन कोटींच्या घरात आहेत. ती काय प्रवचनांनी वाढली? बाजारासाठी मारणं बंद झालं, हंगाम आणि मर्यादा आल्या, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने रायफली आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जायला लागला. बदकांच्या शिकारीत १९३५ पासून दाणा टाकून मारायला बंदी, जिवंत बदकं बांधून बाकीच्यांना भुलवायला बंदी, बंदुकीत तीनपेक्षा जास्त काडतुसं नकोत. हे सगळं मागून घेण्यात शिकारी लोकच पुढे होते.

हिलकंट्री_पाटील
रानभुल्या, मीही टेक्सासचाच, आणि माझ्या ओळखीतल्या दोन-तीन कुटुंबांचं पोट अशा रँचवर चालतं त्यामुळे गप्प बसवत नाही. तुम्ही तीनशे एकरांचं रँच डोळ्यासमोर ठेवून लिहिताय. दहा हजार एकरांच्या कुंपणात शिरा, आठवडाभर फिरा, हवा तो नर दिसला तर मला सांगा. कुंपण आहे हे त्या हरणाला जन्मात कळत नाही. उलट उघड्या जमिनीवर मक्याचं यंत्र लावून बसणारे हजारो आहेत, ते कायदेशीर आहे, तुम्हीही कदाचित बसत असाल. मग फेअर काय, जाळी नसलेला मका?

दुसरं म्हणजे टेक्सासची जवळजवळ ९५ टक्के जमीन खाजगी आहे. रँचला हरणातून पैसे मिळाले नाहीत तर तिथे प्लॉट पडतात, आणि प्लॉट पडले की हरीणही जातं, लावेही जातात. आणि काळवीट विसरू नका. आपला काळवीट १९३०च्या दशकात इथे आणून सोडला, तो याच शिकारीच्या रँचवर वाढला, आणि पाकिस्तानात संपला होता तेव्हा १९७०च्या सुमारास टेक्सासमधूनच परत नेऊन तिथल्या लाल सुहांरा राष्ट्रीय उद्यानात सोडला. कुंपणाने वाचवलेला प्राणी आहे तो.

रानभुल्या
पाटीलसाहेब, मी मक्यावर बसत नाही आणि माझ्या मते तेही बंद व्हावं, तेव्हा तो मुद्दा मला लागत नाही. काळविटाचं मान्य. पण तिथून परत पाठवायला कळप लागला, इंचावर विकलेलं डोकं नाही लागलं.

दहा हजार एकरांचं ऐकायला बरं वाटतं, पण मी बोलतोय ते गिऱ्हाईक यायच्या आधी पैदास केंद्रातून ट्रेलरमधून आणून सोडलेल्या नराबद्दल. त्याला माणसाच्या हातून खायची सवय असते हो, गाडीचा आवाज आला की तो पळत नाही, कान टवकारून बघतो! आणि रोगाचं काय? क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, मेंदू पोखरणारा, औषध नाही, लस नाही. टेक्सासमध्ये २०१२ ला पहिल्यांदा रानातल्या हरणांत सापडला हे खरं, पण २०१५ मध्ये मेडिना काउंटीत पैदास केंद्रात निघाला, आणि असली हरणं ट्रेलरने एका काउंटीतून दुसरीकडे फिरत असतात. कायद्याने हरीण जनतेचं आहे, जमीन मालकाची असली तरी. मग जनतेच्या हरणात रोग नेऊन सोडायचा हक्क कुणाला?

नेमबाज_७
तुम्ही दोघं कुंपणावर भांडताय पण मला फेअर चेसच्या आत एक मोठी गडबड दिसते. साधन जितकं साधं तितकी शिकार फेअर असं धरलं तर धनुष्यबाण सगळ्यात वर, ठासणीची बंदूक त्याखाली, दुर्बीण लावलेली रायफल सगळ्यात खाली. पण बाण रक्तस्रावाने मारतो, नेम चार बोटं चुकला तर हरीण जखम घेऊन झाडीत जातं आणि कधी सापडतच नाही. चांगली रायफल दीडशे यार्डांवरून एका क्षणात संपवते. म्हणजे प्राण्याला 'संधी' द्यायची म्हणून त्याला वेदनेची शक्यता वाढवून द्यायची? मी तरी जलद मृत्यू निवडेन, मग त्यासाठी कितीही तंत्रज्ञान लागो.

रानभुल्या
नेमबाज, हा खरा अवघड प्रश्न आहे, मी स्वतः यावर बराच विचार केलाय. माझं उत्तर असं की संधी द्यायची ती ट्रिगर दाबण्याआधी. जवळ जाताना त्याला वास येऊ दे, पाचोळा वाजू दे, दहादा पळून जाऊ दे. एकदा दाबायचं ठरलं की मग काही संधी नाही, तिथे फक्त खात्री हवी. धनुष्यवाल्याने वीस-पंचवीस यार्डांच्या आत आल्याशिवाय बाण सोडायचाच नाही, तेवढा सराव नसेल तर धनुष्य घरी ठेवावं.

आणि 'कितीही तंत्रज्ञान' म्हणालात तर ते उलटतं बघा. आजकाल हजार यार्डांवरून मारल्याचे व्हिडिओ टाकतात. तेवढ्या अंतरावर गोळी पोचायला सव्वा-दीड सेकंद लागतो, तेवढ्यात हरणाने एक पाऊल टाकलं तर गोळी फुफ्फुसाऐवजी पोटात. म्हणजे संधीही नाही आणि खात्रीही नाही. ॲरिझोनाने २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरे वापरायला बंदी घातली, पाणवठ्यावर कॅमेरा लावून कुठला नर कधी येतो याचं वेळापत्रकच मिळत होतं. विमानातून मारण्यावर तर १९७१ पासून केंद्राचा कायदा आहे. रेषा आखता येते, दरवर्षी नव्याने आखावी लागते एवढंच.

जागली_यवतमाळ
नमस्कार भाऊ. तुमची चर्चा चांगली आहे पण आमच्या इकडे येऊन बघा जरा. रोही (नीलगाय) आणि रानडुकरं, दोन्ही. हरभरा घाटे धरतो तेव्हा रोज रात्री जागलीला जावं लागते, कुंपणाच्या तारेला झटका मशीन लावली तर रोही वरून उडी मारतो आणि डुक्कर खालून माती उकरून घुसते. एका रात्रीत एकर साफ. परवानगी काढून मारता येते म्हणतात, पण अर्ज करा, पंचनामा करा, मारणारा परवानाधारक शोधा, तोवर पीक राहते कुठं. मग कोणी वैतागून तारेत थेट करंट सोडतो, त्यात वाघ मरतो, कधी शेजारचा माणूस मरतो. आम्हाला तुमचा तो फेअर चेस नको, रात्री लाईट मारून नीट नेम धरणारा माणूस पाहिजे, पटकन काम आटोपणारा. आम्ही हौस म्हणून नाही मागत हे.

रानभुल्या
दादा, तुम्ही म्हणता ते शंभर टक्के वेगळं काम आहे आणि त्याला माझा नियम लावायचाच नाही. पीक राखायला डुक्कर मारायचं तर निसटायची संधी कशाला द्यायची? तिथे लाईट लावा, दुर्बीण लावा, जवळून मारा. कसोटी एकच, तडफड नको आणि भलताच प्राणी मरायला नको. म्हणूनच करंट आणि गाडीच्या क्लचवायरच्या फासक्या वाईट, कारण त्या कोण अडकलं ते बघत नाहीत, कोकणात फासकीत बिबटे अडकतात ते असेच. फेअर चेस लागू होतो तो ज्याला मारायची गरज नव्हती, तरी जो आवडीने गेला त्याला.

मीनाक्षी_पुणे
'गरज नव्हती तरी आवडीने गेला', हे तुम्हीच लिहिलंत, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. गरज नसताना मारण्याला कितीही नियम लावा, ते मारणं चांगलं होत नाही. आपल्याकडे तर नियम नसताना काय झालं ते समोर आहे. १९४७ मध्ये कोरिया संस्थानाच्या (आताच्या छत्तीसगडमधल्या) राजाने रात्री गाडीतून तीन चित्ते मारले, भारतातले नोंद असलेले ते शेवटचे. १९११ मध्ये पंचम जॉर्ज आणि त्यांचा लवाजमा नेपाळात दहा दिवसांत ३९ वाघ मारून गेले. आणि नियम असलेल्या देशात? विस्कॉन्सिनमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लांडग्यांची शिकार उघडली, परवानाधारकांसाठी कोटा ११९ होता, तीन दिवसही झाले नाहीत तोवर २१८ मेले. बर्फावर माग काढून, कुत्री सोडून, बर्फातल्या गाड्यांवरून. तेही लांडग्यांच्या विणीच्या काळात. सगळं परवाना काढून! भारताने १९९१ च्या दुरुस्तीनंतर हौशी शिकारीचे परवानेच संपवले, मला तोच रस्ता बरोबर वाटतो.

रानभुल्या
विस्कॉन्सिनचं समर्थन मी करणार नाही, ते लाजिरवाणं होतं, आणि दमलेल्या लांडग्याला कुत्र्यांनी घेरून मारण्यात मला फेअर काही दिसत नाही, परवाना असला तरी. पण कोरियाचं उदाहरण माझ्याच बाजूने जातं, रात्री गाडीतून मारू नये एवढा एक नियम त्या माणसाने मनापासून पाळला असता तर ते तीन चित्ते त्या रात्री तरी वाचले असते. तुमच्या-माझ्यात मतभेद राहणार ताई. मी वर्षाला एक हरीण मारतो, त्याचं मांस मुलं खातात, दुकानातली कोंबडी ज्या पिंजऱ्यात वाढते त्यापेक्षा ते हरीण बरं जगलं असं मला प्रामाणिकपणे वाटतं, आणि हे वाटणं नियमामुळे टिकतं.

हिलकंट्री_पाटील
माँटानाचं नाव घेतलंत म्हणून विचारतो. तिथे ज्यांनी कर्ज काढून एल्क (मोठ्या जातीची हरणं) पाळले होते त्यांचा धंदा एका मतदानात बसला. ते भरपाईसाठी कोर्टात गेले, २००८ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने भरपाई नाकारली. तुम्हाला टेक्सासमध्ये तेच हवंय का? ज्यांनी कायदा पाळून धंदा उभा केला त्यांनी काय करायचं?

रानभुल्या
नाही, तसं नकोय. भरपाई द्या, काही वर्षांची मुदत द्या, जाळी काढायला सरकारने पैसे द्यावेत, गुरं किंवा पक्षीनिरीक्षणाकडे वळणाऱ्याला करात सूट द्या, यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी मी माझा कर आनंदाने भरेन. पण नवीन परवाने आजपासून बंद आणि पैदास केंद्रातून ट्रेलर निघणं आजपासून बंद, यावर मात्र तडजोड नाही.